तुडतुडे, अक्कलदाढ आणि डार्विन

भंडारा जिल्ह्यातल्या धान उत्पादकांना तपकिरी तुडतुड्यांची ओळख करून द्यायला नको. एकच कीटकनाशक वारंवार फवारलं की हळूहळू ते लागू पडेनासं होतं. औषधाने बहुतेक तुडतुडे मरतात, पण जन्मतःच ते पचवू शकणारे मोजके उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते. ही नैसर्गिक निवड, आपल्या बांधीत चालू असलेली उत्क्रांती!

तरीही जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला. देशातल्या तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून तो दावा खोडला.

या वादात फ्रान्सिस्को आयाला (१९३४–२०२३) आवर्जून वाचावेत. आधी कॅथलिक धर्मगुरू, पुढे जनुकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्याने शाळांत 'सृष्टिनिर्मितीचं विज्ञान' शिकवण्याचा कायदा केला. त्याविरुद्धच्या खटल्यात १९८१ मध्ये त्यांनी साक्ष दिली. जानेवारी १९८२ मध्ये न्यायालयाने तो कायदा रद्द केला.

त्यांचा युक्तिवाद साधा होता. शरीर कुणी आखून घडवलं असेल, तर जबड्यात अक्कलदाढेला जागा का पुरत नाही? असे दोष देवाच्या माथी मारणं श्रद्धेलाही शोभत नाही. उत्क्रांती मात्र कारण सांगते: पूर्वजांच्या तुलनेत आपला जबडा लहान होत गेला.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. मुलांसोबत बसून वाचा आणि त्यांना भरपूर प्रश्न विचारू द्या.