भाद्रपदातला वसंत

पंचांगातला वसंत चैत्रात येतो, लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या माळावरचा भाद्रपदात. चैत्रात बालाघाटाच्या या उतारांवर पळस पेटलेला असला, तरी त्याच्या पायाखालची जमीन करपलेली असते. मृगापासूनचे पाऊस अंगात मुरले, श्रावण सरला, की त्याच मुरमाडावर निळे ठिपके दिसू लागतात. ती विष्णुक्रांता.

फूल जेमतेम हरभऱ्याच्या दाण्याएवढं. पाच पाकळ्या एकमेकींत मिसळून झालेली चपटी निळी तबकडी, मधोमध पांढरट. गुडघे टेकल्याशिवाय ते नीट दिसत नाही आणि तेही सकाळीच, कारण दुपारपर्यंत ते मिटतं. जेवण उरकून माळावर गेलेल्याला दिसतात फक्त जमिनीलगत पसरलेल्या राखाडी-हिरव्या काड्या.

हा राखाडीपणाच तिचं बळ. पानांवर, खोडांवर रेशमी लव असते. ती काही ऊन परतवते आणि पानालगत हवेचा स्थिर थर धरून ठेवते, त्यामुळे पानातला ओलावा सावकाश उडतो. पानंही बोटाच्या पेराएवढीच. खाली मात्र लाकडासारखं टणक मूळ असतं. वरच्या काड्या वाळल्या तरी ते तग धरतं आणि पाऊस पडला की पुन्हा फुटतं. खोऱ्यातली काळी जमीन चिखल करून पाणी धरते, माळावरचा वीतभर मुरूम धरत नाही. विष्णुक्रांतेला हाच कोरडेपणा मानवतो. तिला खरं भय साचलेल्या पाण्याचं आणि दाट गवताच्या सावलीचं.

ती रताळ्याच्या कुळातली, म्हणजे बेशरमचीही नातलग! पण या कुळाचा वेल होऊन चढण्याचा सोस तिला नाही. लिनियसने १७५३ साली तिला ‘कॉन्व्हॉल्व्हुलस’, म्हणजे गुंडाळत जाणाऱ्यांत घातलं होतं. १७६२ साली त्यानेच तिला ‘इव्हॉल्व्हुलस’मध्ये, न गुंडाळणाऱ्यांत हलवलं. आपल्याकडे घोळ वेगळाच आहे. शंखपुष्पी म्हणून कुठे ही विकली जाते, कुठे तिची पांढऱ्या फुलांची बहीण, तर कुठे चक्क गोकर्ण. गणपतीच्या एकवीस पत्रींतही विष्णुक्रांता आहे. बाजारातल्या पत्रीच्या जुडीत ती खरोखर असते का, हे यंदा जुडी सोडून पाहा.

गंमत म्हणजे नर्सरीत ‘ब्लू डेझ’ नावाने कुंडीत मिळते ती हिचीच ब्राझीलची बहीण. फूल मोठं, निळाई गडद, दिसायला देखणी. पण ती नर्सरीतून आणायची आणि आपली गावकुसाबाहेर तुडवायची, हे मला पटत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या जिल्ह्यातल्या अंगणात हिरवळीसाठी रोज पाइप सोडण्यापेक्षा एखादा कोपरा माळासारखा ठेवावा.

त्यासाठी माळावरचं झाड उपटू नका, तुटलेलं मूळ सहसा पुन्हा धरत नाही. बोंडं तपकिरी होऊन खाली लवली की चार-दोन काढून आणा. एकेका बोंडात फार तर चार बिया निघतात. या कुळातल्या बहुतेक बियांचं टरफल पाणी आत शिरू देत नाही, म्हणून त्या सँडपेपरवर हलक्या हाताने घासून घ्याव्यात. मातीत निम्म्याहून अधिक मुरूम किंवा जाड वाळू असावी, शेणखत चिमूटभर. मृगात पेरा, भरपूर ऊन द्या आणि पाणी द्यायचा हात आवरा.

माळावर हे घासायचं काम ऊन, पाऊस आणि काळ करतात. टरफल पक्कं असलेली बी पावसाळा वाया गेला तरी हलत नाही. काही बिया यंदा रुजतात, काही पुढच्या वर्षी, काही त्याहीनंतर. दुष्काळाच्या साली सगळंच बियाणं एकदम पणाला लागत नाही ते यामुळेच.