काळा पडदा का येतो? लिनक्सवर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर हाताने बसवताना

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं: "लिनक्सवर एनव्हिडियाचा ड्रायव्हर मी स्वतः बसवला. तीन आठवडे सगळं छान चाललं. मग एक दिवस मशीन चालू केलं तर पडदा काळा. मी तर काहीच केलं नव्हतं!" आज आपण या 'काहीच केलं नव्हतं' बद्दलच बोलू. माझ्यावरही ही वेळ आली आहे. तेव्हा मी घाबरून अख्खी सिस्टिम नव्याने टाकली, आणि त्यात माझे काही वर्षांचे फोटो गेले. ते करायची गरजच नव्हती, हे नंतर कळलं.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. ड्रायव्हर म्हणजे आपल्या ब्राउझरसारखा वेगळा चालणारा प्रोग्राम नव्हे. त्याचा मुख्य भाग कर्नलच्या आत जाऊन बसतो. त्याला मॉड्यूल म्हणतात. आणि हे मॉड्यूल ज्या कर्नलसाठी तयार झालं, त्याच कर्नलला बसतं. किल्ली जशी एकाच कुलपाला लागते, तसं.

एएमडी आणि इंटेलच्या कार्डांना सहसा हा त्रास होत नाही, कारण त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच येतात. कर्नल बदलला की त्याच्याबरोबर ड्रायव्हरही बदलतो. एनव्हिडियाचं तसं नाही. कर्नलमध्ये 'नूवो' नावाचा मुक्त ड्रायव्हर असतो, पण तो अनेक कार्डांची पूर्ण ताकद वापरू शकत नाही. २०२२ साली एनव्हिडियाने आपल्या कर्नल मॉड्यूलचा सोर्स कोड खुला केला, पण तेही कर्नलच्या बाहेरूनच आणून बसवावं लागतं.

आता हाताने बसवताना काय घडतं ते पाहू. आपण कंपनीच्या साइटवरून मोठी फाइल उतरवतो आणि ती चालवतो. ती फाइल तुमच्याच मशीनवर मॉड्यूल तयार करते. म्हणून तिला कंपायलर लागतो, आणि चालू कर्नलचे हेडर लागतात. 'यूनेम' ही आज्ञा डॅश आर लावून दिली की कर्नलची नेमकी आवृत्ती दिसते. हेडर त्याच आवृत्तीचे हवेत. शिवाय नूवोला बाजूला करावं लागतं, कारण एका कार्डावर एका वेळी एकच ड्रायव्हर बसू शकतो. आणि हे सगळं डेस्कटॉप बंद करून, नुसत्या अक्षरी पडद्यावरून करायचं असतं.

बघा, आता गाठ कुठे पडते. तीन आठवड्यांनी अपडेट येतं, त्यात नवा कर्नल येतो. नव्या कर्नलसाठी मॉड्यूल कोणी तयारच केलेलं नाही, आणि नूवोला तर आपणच बंद करून ठेवलंय. मग चित्र दाखवणार कोण? म्हणून पडदा काळा. म्हणजे तुम्ही 'काहीच केलं नव्हतं' हे खरंच, पण अपडेटने केलं होतं.

पण यातच सुटकेचा मार्गही आहे. जुना कर्नल बहुधा मशीनवर तसाच असतो आणि त्याचं मॉड्यूलही शाबूत असतं. मशीन सुरू होताना ग्रबच्या यादीत 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये जा, आधीचा कर्नल निवडा. डेस्कटॉप बहुतेक वेळा परत येतो. तेही जमलं नाही, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबा. अक्षरी पडदा उघडला की लॉगिन करून ड्रायव्हर काढता येतो किंवा पुन्हा बसवता येतो. फोटो, कागदपत्रं कशालाच धक्का लागत नाही.

पुन्हा हे होऊ नये म्हणून 'डीकेएमएस' नावाची सोय आहे. नवा कर्नल आला की ती मॉड्यूल आपोआप पुन्हा तयार करते. हाताने बसवताना इन्स्टॉलर तिच्याबद्दल विचारत असेल तर 'हो' म्हणा. नव्या कर्नलचे हेडर मात्र मशीनवर हवेत, नाहीतर डीकेएमएसही काही करू शकत नाही.

आणखी एक अडचण सिक्युअर बूटची. ते चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. अशा वेळी तुमची स्वतःची किल्ली नोंदवावी लागते. त्यासाठी मशीन पुन्हा सुरू होताना एक पडदा येतो. आपण घाईत तो ओलांडून पुढे जातो, आणि मग ड्रायव्हर बसलाय पण चालत नाही, अशी स्थिती होते.

तर मग हाताने बसवायचंच कशाला? खरं सांगू, उबुंटू किंवा डेबियन वापरत असाल तर त्यांच्या पॅकेजमधूनच ड्रायव्हर घ्या. यातली बरीचशी उठाठेव ते तुमच्या वतीने करतात. अगदी नवं कार्ड आहे आणि पॅकेजमधला ड्रायव्हर जुना आहे, अशा वेळीच हाताने बसवा. आणि त्याआधी दोन कामं करा: फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवा, आणि जुना कर्नल कसा निवडायचा हे एकदा करून पाहा. काळा पडदा आल्यावर ते शिकायला जाऊ नका.

आता प्रश्न घेऊ.