टँकरची यादी

मागच्या उन्हाळ्यात फुलंब्री तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर पाण्याचा टँकर यायचा. कोणत्या घराची पाळी कधी, ही यादी संगणकावर लिहायचं काम सरांनी मला दिलं. त्यात विम नावाचा संपादक होता. तो ब्राम मोलेनार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केला. विमला माऊस लागत नाही, सगळं काम कळांवर चालतं.

आधी एस्केप दाबायचे. वाय दोनदा दाबले की त्या ओळीची नक्कल होते आणि पी दाबले की ती खाली उमटते. पाच दाबून मग वाय-वाय म्हणजे पाच ओळी. डी-डी दाबले की ओळ उचलली जाते. ती पी ने दुसरीकडे ठेवता येते.

पहिल्यांदा वाय दाबून काहीच होईना! मराठी कळफलक चालू होता. त्यावर वायच्या जागी 'ब' असतो. इंग्रजी केल्यावर जमलं.

मग शेजारच्या काकूंची ओळ मंगळवारात न्यायला डी-डी ने उचलली. वाटेत एक रिकामी ओळ दिसली, तीही डी-डी ने काढली. पी दाबलं, तर रिकामीच ओळ आली! काकूंचं नावच गेलं. तशीच यादी लागली असती तर त्यांचं पाणी चुकलं असतं. यू तीनदा दाबलं, तेव्हा ओळ परत आली.

तर मुलांनो, लक्षात ठेवा: हातातली घागर खाली ठेवल्याशिवाय दुसरी उचलू नये.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी