तिथीची पाऊणपट

तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर हा तोंडी हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. चतुर्थीला पाणी तीनच्या सुमारास पूर्ण भरतं, अष्टमीला सहाच्या. पुढे सहा तासांनी ओहोटी. पक्ष शुद्ध असो वा वद्य, आकडेमोड तीच.

हा ठोकताळा नाही, त्यामागे पक्कं गणित आहे. समुद्राला ओढणारे दोघे, चंद्र आणि सूर्य. तिथी मोजते ती या दोघांमधलाच कोन; चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी होते. चंद्राकडच्या बाजूचं पाणी सर्वांत जास्त ओढलं जातं, विरुद्ध बाजूचं सर्वांत कमी. म्हणून दोन्हीकडे फुगवटा येतो आणि दिवसातून दोनदा भरती होते. चंद्र रोज पुढे सरकत असल्याने ती दररोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. ३६० अंशांना २४ तास, तर १२ अंशांना ४८ मिनिटं. पाऊणपटीत आपण ४५ धरतो. तिथीमागे तीन मिनिटांची ही तूट साचत जाते, म्हणून पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा सांगतो आणि समुद्र भरतो तो बाराच्या आसपास.

सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. पौर्णिमा-अमावास्येला दोघे एका रेषेत येतात आणि एक-दोन दिवसांत उधाण येतं. उधाणाचं पाणी इथे दुपारी आणि मध्यरात्री चढतं, त्यामुळे समुद्र सर्वांत खोल उतरतो तो सकाळ-संध्याकाळ. खडकांवरची कालवं काढायला बायका त्याच वेळी जातात. अष्टमीच्या सुमारास मात्र भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे चालत जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं: अष्टमीची ओहोटी भर दुपारी सोयीची वाटते, पण पाणी पुरतं हटत नाही.

हा हिशेब सगळीकडे लागू पडत नाही. गोव्यात पाणी मुंबईच्या आधी भरतं, भावनगरला काही तासांनी. मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन रुंद आणि उथळ असल्याने इथे उधाणात पाच मीटरपर्यंत भरती येते. गोव्यात त्याच्या निम्मीही नाही.

मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदली जाते. पावसाळ्यात बातम्यांत येणारी साडेचार मीटरची भरती नीचतम ओहोटीजवळच्या पातळीपासून मोजलेली असते, सरासरी समुद्रपातळीच्या सुमारे दोन मीटर वर. शहरातल्या अनेक नाल्यांची मुखं त्याहून खाली आहेत, म्हणून भरतीच्या वेळी पावसाचं पाणी बाहेर पडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, त्या दुपारीही भरती होती.

किनाऱ्यावर जाताना पाऊणपट जरूर करा, पण वेळ पक्की करायला भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रकच पाहा. आणि किल्ल्यावर जाणार असाल, तर पाणी उतरत असताना जा, फिरण्याआधी परत या.