दुकानातल्या अंड्यातून पिल्लू निघेल का?

सुट्टी लागली की हा प्रयोग मुलांच्या डोक्यात येतोच. थर्माकोलचा खोका, त्यात एक बल्ब आणि एकविसाव्या दिवशी कवचातून डोकावणारे पिल्लू त्यांनी मोबाइलवर पाहिलेले असते. अंडी तर फ्रीजमध्ये आहेतच. मग अडचण कुठे आहे?

अडचण अंड्यातच आहे. किराणा दुकानात ट्रेमधून मिळणारे अंडे लेअर कोंबडीचे असते. वर्षाला 300 च्या आसपास अंडी देणाऱ्या या कोंबड्यांच्या शेडमध्ये कोंबडा नसतोच. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडे देते, पण ते फलित नसते. त्याला 21 दिवस ऊब दिली तर हाती येते फक्त सडके अंडे. इंग्लंडमध्ये 2020 च्या लॉकडाऊनमध्ये एका महिलेने सुपरमार्केटमधल्या अंड्यांतून पिल्ले काढली, ही बातमी खरी आहे. पण ती अंडी बदकाची होती. बदकांत नर-मादी ओळखताना चूक होते आणि एखादा नर कळपात राहून जातो.

गावरान अंड्याची गोष्ट वेगळी. पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या पाड्यांवर कोंबड्या मोकळ्या फिरतात, सोबत कोंबडाही असतो. त्यामुळे नाशिकच्या बुधवारच्या बाजारात घेतलेले खरे गावरान अंडे फलित असू शकते. मात्र तपकिरी कवच म्हणजे गावरान नव्हे. पिंजऱ्यातल्या काही जातीही तपकिरी अंडी देतात. खात्री अंडे फोडल्यावरच होते. बलकावर नुसता बारीक पांढरा ठिपका असेल तर अंडे अफलित. ठिपक्याभोवती कडे दिसले तर फलित. फोडलेले अंडे उबवता येत नाही हे खरे, पण त्याच टोपलीतल्या दोन-तीन अंड्यांचे आम्लेट करताना पाहिले तर उरलेल्यांचा अंदाज येतो.

फलित अंड्यात पिल्लू तयार बसलेले नसते. कोंबडीच्या पोटात असताना सुमारे एका दिवसात तिथे हजारो पेशींची चकती तयार होते. अंडे बाहेर येऊन साधारण 20 अंशांच्या खाली थंड झाले की ही वाढ थांबते आणि ऊब मिळाली की पुन्हा सुरू होते. म्हणून फ्रीजमधले फलित अंडे खायला काहीच हरकत नाही. पोषणातही फरक नाही. उबवायची अंडी मात्र 15 ते 18 अंशांत ठेवावी लागतात, तीही आठवडाभरच. फ्रीजच्या 4 अंशांत गर्भ हळूहळू मरतो. आणि मे महिन्यात 35 अंशांच्या दुकानात ठेवलेल्या अंड्यात तो धड वाढतही नाही, धड थांबतही नाही. अर्धवट वाढून मरतो. थोडक्यात, मुलांना सुट्टी असते तोच नाशिकमध्ये या प्रयोगाचा सर्वांत वाईट काळ. दिवाळीची सुट्टी बरी.

पंख्याच्या यंत्रात तापमान साडेसदतीस अंश हवे. सगळ्यांना धास्ती वीज जाण्याची असते. पण खुडूक कोंबडीसुद्धा रोज खाण्या-पिण्यासाठी थोडा वेळ अंड्यांवरून उठतेच. तासभर वीज गेल्याने सहसा नुकसान होत नाही. बल्ब जास्त तापला आणि पारा काही तास 40 च्या वर राहिला, तर मात्र सगळे संपते. अंडी दिवसातून निदान तीनदा फिरवायची, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. अठराव्या दिवसानंतर फिरवणे बंद, आणि खोक्यात पाण्याची वाटी वाढवून ओलावा जास्त. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रक्तवाहिन्या दिसतात. अॅरिस्टॉटलने रोज एक अंडे फोडून तिसऱ्या दिवशी धडधडणारा लाल ठिपका टिपून ठेवला होता. आज त्यासाठी अंडे फोडायला नको. काही दिसत नसेल, किंवा नुसते रक्ताचे कडे दिसत असेल, तर ते अंडे काढून टाकावे.

कवचाला भोक पडल्यावर पूर्ण बाहेर यायला पिल्लाला दिवसभरही लागू शकतो. दया येऊन कवच सोलू नये. आतल्या रक्तवाहिन्या अजून जिवंत असतात, पिल्लू रक्तस्रावाने मरते. उरलेला बलक त्याने पोटात ओढून घेतलेला असतो, त्यामुळे पहिला दिवस खाणे मिळाले नाही तरी चालते.

खरा प्रश्न त्यानंतरचा. निम्मी पिल्ले कोंबडे निघणार, आणि फ्लॅटच्या बाल्कनीत पहाटे आरवणारा कोंबडा कोणत्या सोसायटीला चालेल? अंडी आणण्याआधीच पिल्ले सांभाळायला तयार असलेले गावाकडचे घर ठरवून ठेवा. राणीखेत, म्हणजे मानमोडीची लस पहिल्या आठवड्यात द्यावी लागते. तिची कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची असते, चार पिल्लांसाठी परवडत नाही. त्यामुळे पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारावे. पिल्ले निरोगी दिसली तरी त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. हात लावल्यावर साबणाने धुणे, पिल्लांचे मुके न घेणे, पाच वर्षांखालच्या मुलांच्या हाती ती न देणे एवढे पाळलेच पाहिजे. आणि आपल्याच नाशिक विभागातल्या नवापूरमध्ये फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा मोठ्या शेडबरोबर परसातल्या कोंबड्याही मारून पुराव्या लागल्या होत्या. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर त्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे.