अडकित्ते, वज्र्या आणि आमचे गुंड

पुण्यास गेलेला वऱ्हाडी माणूस शनिवारवाडा पाहतो, पर्वती चढतो, बाकरवडीचा पुडा घेतो आणि रात्रीच्या गाडीने बडनेऱ्याकडे निघतो. आम्हीही तेच करणार होतो. पण या उन्हाळ्यात मोझरीहून सोबत माय आली होती आणि तिला पर्वतीच्या पायऱ्या झेपण्यासारख्या नव्हत्या. म्हणून शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरलो.

बाहेरून जुना वाडाच. आत मात्र तोफा-तलवारींपेक्षा संसारच अधिक! दौती, कुलपे, करंडे, किसण्या, सोऱ्ये, सुरमादाण्या. एकेका अडकित्त्यावर कारागिराने घोडा, पोपट, नाहीतर जोडपे बसवलेले. सुपारी कातरण्यापुरती वस्तू. तिला इतके नटवण्याची काही गरज होती का? नव्हती. म्हणूनच ती पाहताना मौज वाटते.

हे सारे जमवले ते दिनकर गंगाधर केळकरांनी. 1896 सालचा त्यांचा जन्म. घरचा व्यवसाय चष्म्यांचा आणि वृत्ती कवीची. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे उभे आयुष्य त्यांत घातले. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहाला नाव दिले ते त्याचे. 1975 साली त्यांनी हे सगळे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. पद्मश्री मिळाली, 1990 साली ते निवर्तले. वस्तू वीस हजारांवर आहेत. मांडलेल्या अडीच हजारांच्या आसपास. दारावरच्या पाटीतले 'राजा' हे संस्थानिकाचे बिरुद नव्हे, हे कळल्यावर सौभाग्यवती बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

माय मात्र बोलत होती. वज्र्यांच्या कपाटापाशी दोन कॉलेजकन्यका "हे काय असेल?" म्हणून कुजबुजत होत्या. माय पुढे झाली. "हे तं पाय घासाचं हाय वं पोरी! टाचेले लावाचं." मग किसणीपासून करंड्यापर्यंत तिने त्यांना सगळे दालन फिरवून आणले. पाट्यांवर दोन ओळींपलीकडे माहिती नाही, ही माझी तक्रार आहे. पण त्या दुपारी ती उणीव भासली नाही.

दिव्यांपाशी मी रेंगाळलो. टांगत्या दिव्यांचा एक जुना प्रकार मोठा युक्तीचा. वरच्या पोकळ प्राण्याच्या पोटात तेल भरायचे. खालच्या पणतीतले तेल उतरून छिद्र उघडे पडले, की हवा आत जाते आणि थोडे तेल खाली येते; छिद्र बुडाले की थांबते. जोगेश्वरीला सापडलेला आणि आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असलेला हत्तीचा दिवा याच जातीचा. नाव न ठेवता गेलेल्या कुणा कारागिराची ही करामत!

मस्तानी महालही आहे. कोथरूडच्या वास्तूचे अवशेष आणून केळकरांनी तो इथे पुन्हा उभा केला. गर्दी तिथेच असते. आम्ही लवकर बाहेर पडलो.

खरी अडचण घरी आल्यावर. माळ्यावर दोन गुंड, एक कोपर आणि आजीच्या लामणदिव्याची साखळी गेल्या दिवाळीपासून निकालाची वाट पाहत पडली आहेत. मोडीत वजनावर भाव येतो. नक्षीचे पैसे कोणी देत नाही. सौभाग्यवतींचा सवाल जुनाच आहे, "अहो, चिंच लावून घासायचे कोणी? तुम्ही?" तो रास्तही आहे. केळकरांसारखा वाडा सगळ्यांजवळ नसतो आणि तीन खोल्यांत दोन गुंड म्हणजे दोन पाहुणेच.

शेवटी कोपर आणि एक गुंड देण्याचे ठरले. दुसरा गुंड आणि साखळी राहिली. घासण्याची पाळी माझ्याकडे आली आहे. धाकटीने एक शंभरपानी वही केली असून आजी सांगेल ते ती त्यात उतरवते: वस्तूचे नाव, कुठून आली, कशासाठी वापरत. पहिल्या पानावर कोपराचे चित्र आहे. दुकानदार येण्यापूर्वी तिने ते घाईघाईने काढले, त्यामुळे एक कडी राहून गेली आहे.