कृष्णविवरही ‘उकळतं’? चहाच्या कपापासून सुरू झालेली गोष्ट

गरम चहात गार चहा ओतला की कोमट चहा होतो. तो पुन्हा गरम आणि गार असा वेगळा करता येत नाही. विश्वातली अव्यवस्था, म्हणजे एन्ट्रॉपी, तेवढी वाढलेली असते. पण तो कोमट चहा कृष्णविवरात टाकला तर? पुरावाच गायब! १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रिन्स्टनमध्ये जॉन व्हीलर यांनी हा खोडकर प्रश्न आपला विद्यार्थी जेकब बेकनस्टीन याच्यापुढे टाकला.

बेकनस्टीन यांचं उत्तर असं की, कृष्णविवराला स्वतःची एन्ट्रॉपी असते आणि ती त्याच्या क्षितिजाच्या क्षेत्रफळावर ठरते. गंमत म्हणजे आकारमानावर नाही! स्टीफन हॉकिंग यांना हे आधी पटलं नव्हतं. मग १९७४ मध्ये त्यांच्याच गणितातून दिसलं की कृष्णविवरातून अतिशय क्षीण प्रारण बाहेर पडतं. म्हणजे त्याला तापमानही आहे.

किती? सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान एका केल्विनच्या दीड कोटीव्या भागाहूनही कमी. अवकाशातलं पार्श्वप्रारण २.७ केल्विनचं आहे, त्यामुळे असं कृष्णविवर आज जेवढं गमावतं त्याहून कितीतरी जास्त शोषून घेतं.

खरी विचित्र गोष्ट पुढे आहे. पातेलं गॅसवर ठेवलं की तापतं. कृष्णविवराला ऊर्जा दिली की ते गार होतं आणि ऊर्जा गेली की तापतं! मोकळ्या अवकाशात ते भोवतालच्या प्रारणाबरोबर स्थिर समतोलात राहूच शकत नाही. म्हणून हॉकिंग आणि डॉन पेज यांनी १९८३ मध्ये त्याला ‘डब्यात’ ठेवलं. हा डबा म्हणजे ऋण वैश्विक स्थिरांक असलेलं अवकाश. तिथे बाहेर पडलेलं प्रारण परत फिरतं. या डब्यात ठरावीक तापमानाखाली नुसतं प्रारण टिकतं, त्यावर गेलं की मोठं कृष्णविवर असणं निसर्गाला जास्त सोयीचं ठरतं. बर्फ वितळावा तसं हे अवस्थांतर.

कृष्णविवराला विद्युतभार असेल तर साम्य आणखी वाढतं. २०१२ मध्ये डेव्हिड कुबिझनाक आणि रॉबर्ट मान यांनी वैश्विक स्थिरांकालाच दाब मानून गणित केलं. लहान कृष्णविवर द्रवासारखं आणि मोठं वायूसारखं वागताना दिसलं, मधे पाण्याच्या उकळण्यासारखी उडी. योहानेस व्हॅन डर वाल्स यांच्या १९व्या शतकातल्या वायूच्या समीकरणात येणारं ३/८ हे गुणोत्तरसुद्धा जसंच्या तसं उतरलं.

आता आइन्स्टाइनचा सिद्धांतच थोडा बदलला तर? विश्वाच्या वाढत्या वेगाने होणाऱ्या प्रसरणाचं कोडं सोडवायला आणि पुंजभौतिकीशी जुळवून घ्यायला अनेकजण असे ‘सुधारित गुरुत्व’ सिद्धांत मांडतात. त्यांत एन्ट्रॉपी म्हणजे नुसतं क्षेत्रफळ राहत नाही. ‘एफ(आर)’ गुरुत्वात क्षेत्रफळाला आणखी एका घटकाने गुणावं लागतं; रॉबर्ट वाल्ड यांनी १९९३ मध्ये अशा सिद्धांतांसाठी सर्वसाधारण सूत्रच दिलं. सहा मितींमधल्या गाउस-बोने गुरुत्वात तर भारित कृष्णविवरांना त्रिक बिंदूही सापडतो. पाण्याच्या त्रिक बिंदूला बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात. इथे लहान, मध्यम आणि मोठं कृष्णविवर. पुण्याच्या आयुकामधले थानू पद्मनाभन यांनी याहून धीट पाऊल टाकलं: क्षितिजापाशी आइन्स्टाइनची समीकरणं थेट उष्मागतिकीच्या पहिल्या नियमाच्या रूपात मांडता येतात, आणि काही सुधारित सिद्धांतांतही हे जमतं. मग गुरुत्व हे मूलभूत बल आहे की तापमानासारखा सूक्ष्म घटकांचा एकत्रित परिणाम, हा प्रश्न उभा राहतो.

हे सगळं कागदावरचंच आहे का? अवस्थांतरं, हो. आपल्या विश्वाचा वैश्विक स्थिरांक धन दिसतो, त्यामुळे तो डबा प्रत्यक्षात नाही. ‘कृष्णविवर उकळताना दिसलं’ अशी पोस्ट फिरली तर ती खुशाल पुढे जाऊ द्यावी.

क्षेत्रफळाचं मात्र तसं नाही. १४ जानेवारी २०२५ रोजी लायगोने दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाच्या गुरुत्वीय लहरी टिपल्या. आधी दोघांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राहून कमी. नंतर एकाचंच सुमारे ४ लाख. हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सांगितल्याप्रमाणे एकूण क्षेत्रफळ वाढलेलंच निघालं.